बगाझा व्हायरस: सापडला आफ्रिकेत, डास मात्र भातातला

खानापूर, जांबोटीकडं रोप लावणी झाली की संध्याकाळी गोठ्यात उभं राहवत नाही, म्हशी शेपट्या मारून दमतात, शेवटी कोणीतरी कडुलिंबाचा पाला पेटवून धूर करतं. आणि ताप आला की आपल्याकडं पहिला संशय डेंग्यूवर. पण डेंग्यूचा एडिस डास पिंपात, टायरात वाढतो अन् दिवसा चावतो, भाताच्या पाण्यातला क्युलेक्स वेगळा, तो अंधार पडल्यावरचा. जपानी मेंदूज्वर पसरवणारा म्हणून हा क्युलेक्स बदनाम आहेच, पण त्याच्यात अजून एक व्हायरस मिळालाय, बगाझा, त्याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं.

१९६६ मध्ये सेंट्रल आफ्रिकन रिपब्लिकमधल्या बगाझा इथं पकडलेल्या क्युलेक्स डासांत तो पहिल्यांदा मिळाला. पुढं पश्चिम आफ्रिकेतल्या डासांतही मिळाला, पण माणसांत साथबिथ नाही, मग लक्ष कोण देणार?

भारतातली गोष्ट जास्त इंटरेस्टिंग. १९९६ ला केरळात मेंदूज्वराची साथ आली, तपासात क्युलेक्स ट्रायटिनिओरिंकस या भातातल्याच डासांच्या एका लॉटमधून व्हायरस निघाला, आणि तेव्हाच्या टेस्टमध्ये तो जपानी मेंदूज्वराशीही जुळायचा अन् वेस्ट नाईल व्हायरसशीही, कारण हे सगळे फ्लेविव्हायरस, एकाच घराण्यातले, एकाविरुद्धच्या अँटीबॉडी दुसऱ्यालाही चिकटतात. हा बगाझा आहे हे पुण्याच्या एनआयव्हीनं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, जनुकं वाचून सांगितलं, ते छापून आलं २००९ ला! त्याच अभ्यासात केरळातल्या मेंदूज्वराच्या पेशंटपैकी साधारण १५ टक्के लोकांच्या रक्तात बगाझाविरुद्ध अँटीबॉडी दिसल्या. म्हणजे व्हायरस अंगात येऊन गेला असावा इतकंच, मेंदूज्वर त्यानंच केला असं नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं की हा फरक पहिला उडतो.

पक्ष्यांना मात्र तो सोडत नाही. २०१० मध्ये स्पेनच्या कादिझ भागात लाल पायाचे तितर आणि फेजंट नावाचे पक्षी मेले, ते बगाझानंच. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकाच्या शेवटी इस्रायलमध्ये टर्की कोंबड्यांना मेंदूचा आजार व्हायला लागला होता, पाय लुळे पडायचे. त्या व्हायरसची जनुकं बगाझाशी इतकी जुळतात की दोघांना एकाच जातीचे धरावं असं काही संशोधक म्हणतात, म्हणजे तसं धरलं तर बगाझात डास पकडायच्या आधीच टर्कीवाल्यांची याच्याशी गाठ पडली होती, आणि तिथं टर्कीसाठी लसही निघाली.