बुरा आला म्हणजे नक्की कोण आलं?

ऐन पावसाळ्यात राजारामपुरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात जिंजर बिअर लावली होती. खरी बिअर घरी करायची तर परवाना लागतो. हे आपलं आलं-गुळाचं फसफसणारं सरबत. चौथ्या दिवशी बरणीत वर पांढरा थर. आज्जीनं झाकण उचललं आणि निकाल दिला, "बुरा आलाय त्याला, वत की मोरीत."

आपण लोणच्यावरच्या थरालाही बुरा म्हणतो आणि भाकरीवरच्या हिरव्या लवेलाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ही दोन वेगळी घराणी. आमचा थर सपाट, सुरकुतलेला, तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा होता. तो यीस्ट या एकपेशीय सूक्ष्मजीवाचा. या यीस्टला हवा लागते, म्हणून ती पृष्ठभागावरच पसरते. सहसा अपाय करत नाही, चव मात्र बिघडवते. केसाळ, हिरवा-काळा ठिपका दिसला तर ती बुरशी. वरचा ठिपका काढून भागत नाही, कारण तिचे धागे खाली उतरलेले असतात आणि काही बुरश्या विष तयार करतात. तिथं आज्जीचाच निकाल कायम.

तिसरा पाहुणा कोल्हापूरच्या साखर कारखान्यांना चांगलाच ठाऊक आहे. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतो आणि रस बुळबुळीत होतो. तोच गुळाच्या पाण्यात शिरला तर चमच्याला पाकासारखी तार येते. गंमत म्हणजे इडलीचं पीठ फुगवण्यातही हाच पुढे असतो.

बिअरच्या कारखान्यांत हीच भानगड लुई पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिली. १८७६ साली त्यांनी बिअरच्या 'आजारां'वर ग्रंथच लिहिला. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवली. जिंजर बिअरला हा सोवळेपणा परवडत नाही. तिच्या पारंपरिक विरजणात यीस्ट आणि जिवाणू एकत्र नांदतात, हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ मार्शल वॉर्ड यांनी १८९२ मध्येच दाखवलं होतं.

बिअरला आम्लता, अल्कोहोल आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडूपणा अशी तिहेरी तटबंदी असते. गुळाच्या पाण्याला पहिल्या दिवशी यातलं काहीच नसतं. म्हणून लिंबू सुरुवातीलाच पिळायचं, चवीपुरतं शेवटी नव्हे. सामू, म्हणजे आंबटपणाचं माप (pH; जितका कमी तितकं आंबट), ४.६ च्या खाली गेला की बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणारा जिवाणू वाढू शकत नाही.

मला खरी धास्ती वाटते ती बाटलीची. यीस्टनं एक ग्रॅम साखर खाल्ली की जवळपास अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. बूच घट्ट, साखर शिल्लक आणि आत भलतीच यीस्ट शिरलेली असेल तर काचेची बाटली फुटते. मी कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली वापरतो. ती दाबून बघायची; दगडासारखी लागली की फ्रिजमध्ये.

आमची बरणी शेवटी ओतलीच. साय निरुपद्रवी असली तरी वास जुन्या चपलेचा होता. बरणी उकळत्या पाण्यातून काढली, तरी पुढच्या खेपेला तिसऱ्याच दिवशी तीच साय. मग झाकणातली रबरी रिंग सुरीच्या टोकानं उचकटली. खालच्या खाचेत बोटाला बुळबुळीत लागणारा करडा थर होता, आल्याच्या एका तंतूसकट.

आज्जी म्हणाली, "लोणच्याच्या बरणीला मी फडकं बांधते, ते काय उगाच?"