वारं गार लागतंय म्हणून ऊन कमी नसतंय

विजापूर-सोलापूरकडचे पाहुणे मे महिन्यात बेळगावला आले की पहिलं वाक्य ठरलेलं, "तुमच्याकडं उन्हाळाच नाही की हो!" आणि आपण पण जरा मान ताठ करून होय म्हणतो. थर्मामीटरच्या हिशेबानं ते खरंच आहे. पण तेच पाहुणे दोन दिवस राजहंसगड, खानापूर असं फिरून जाताना मान काळी, हात काळे आणि नाकाची साल निघालेली असं घेऊन जातात, आणि वर म्हणतात इथलं पाणी बाधलं. पाणी नाही, ऊन बाधलं. अंगाला कळलं नाही एवढंच.

कळत का नाही, तर उन्हात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात आणि आपण त्यांना एकच समजतो. गरम लागतं ते मुख्यतः इन्फ्रारेड आणि दिसणाऱ्या उजेडामुळं, आणि कातडी भाजते ती अल्ट्राव्हायोलेटमुळं, म्हणजे युव्ही. 1801 साली योहान रिटर नावाच्या जर्मन माणसानं उजेडाचे रंग वेगळे पाडून सिल्व्हर क्लोराइडवर टाकले, तर जांभळ्या रंगाच्याही पलीकडं, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथंच ते सगळ्यात लवकर काळं पडलं. तोच हा युव्ही. आपल्या कातडीला उष्णता कळते, युव्ही कळायची काही सोयच नाही. वारं सुटलं की अंगावरची उष्णता घेऊन जातं, घाम वाळतो, बरं वाटतं, पण युव्हीला वाऱ्याचा काही फरक पडत नाही.

त्यात आपलं गाव उंचावर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर. वर चढलं की हवा गार होते हे सगळ्यांना माहीत, पण हवा विरळ झाल्यानं युव्ही अडवणारं वरचं पांघरूण पण पातळ होतं, हजार मीटरला साधारण 10 टक्के युव्ही वाढतो असं धरतात. म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा आपल्याकडं गारवा जास्त आणि आकाश सारखंच मोकळं असेल तर युव्हीही थोडा जास्तच. मोबाईलच्या वेदर ॲपमध्ये युव्ही इंडेक्स म्हणून एक आकडा असतो, टेम्परेचर बघता तसा तो पण बघत जा, 3 झाला की काळजी घ्यायची आणि 11 किंवा त्याच्या वर म्हणजे एक्स्ट्रीम, आणि एप्रिल-मेच्या स्वच्छ दुपारी आपल्याकडं तो तिथं सहज पोचतो.

ॲप नसलं तरी चालतंय, सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असेल तर सूर्य 45 अंशाच्या वर आहे आणि युव्ही जोरात आहे. सावली लांब असेल तर जोर कमी. मेच्या पहिल्या आठवड्यात तर सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, अंगणात उभारलेल्या खांबाची सावली क्षणभर गायब होते (ऑगस्टमध्ये पण एकदा येतो, पण तेव्हा ढगातून बघणार कोण). आणि हे बारा वाजता होत नाही, साडेबाराच्या आसपास होतं, कारण घड्याळ आपलं अलाहाबादजवळच्या रेषेचं आणि आपण तिच्या बऱ्याच पश्चिमेला. त्यामुळं मे महिन्यात धोक्याची वेळ साधारण साडेनऊ ते साडेतीन. आणि डिसेंबरात? स्वेटर घालून उसाच्या फडात जायचे दिवस, तरी पण अकरा ते दोन सावली उंचीपेक्षा लहानच असते. निपाणी-चिकोडीकडं हिवाळ्यात दिवसभर रानात राबणाऱ्यांची मान आणि कोपरापासून खालचे हात बाकी अंगापेक्षा दोन शेड काळे असतात ते उगाच नव्हे.

ढगाळ असलं तरी गाफील राहू नका, पातळ ढगातून 80 टक्क्यांपर्यंत युव्ही खाली येतो.

आता आपल्याकडं एक पक्का समज आहे की सनबर्न हे गोऱ्या लोकांचं दुखणं, आपण काळे-सावळे, आपल्याला काय होतंय. निम्मं खरं आहे. कातडीतल्या मेलॅनिनमुळं, म्हणजे काळसर रंगद्रव्यामुळं, आपल्याला भाजायला गोऱ्यांपेक्षा जास्त ऊन लागतं आणि त्वचेचा कॅन्सर पण आपल्यात बराच कमी. पण जास्त लागतं म्हणजे लागतच नाही असं नाही ना. गोरा माणूस लालबुंद होतो म्हणून लगेच दिसतं, आपल्यात लाली सहज दिसत नाही, पण आग होते, कातडी ताणल्यासारखी वाटते, शर्टाची कॉलर टोचते आणि चार-पाच दिवसांनी साल निघते. शिवाय आपला खरा त्रास वेगळाच, तो म्हणजे डाग. गालावरचा वांग, जुन्या पिंपलाचे काळे ठिपके, हे सगळं उन्हानं गडद होतं आणि जायला महिनोन्महिने घेतं. सावळ्या कातडीला उन्हापासून जपायचं ते मला वाटतं मुख्यतः यासाठीच, गोरं व्हायला नव्हे.

रापणं म्हणजे नक्की काय हे पण बघू. जमिनीवर पोचणाऱ्या युव्हीतला 95 टक्क्यांच्या आसपास भाग युव्हीए आणि उरलेला थोडा युव्हीबी. युव्हीए खोल जातो, आधीच असलेलं मेलॅनिन लगेच गडद करतो, म्हणून एका दुपारीत तोंड काळवंडतं आणि त्यातलं बरंच लवकर उतरतं. युव्हीबी थोडा असला तरी डांबिस, तो पेशीतल्या डीएनएवर घाव घालतो. डीएनए बिघडला हे पेशीला कळलं की ती निरोप धाडते, मग मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि दोन-तीन दिवसांनी नवं मेलॅनिन येऊन पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखं बसतं. म्हणजे छत्री येते ती भिजल्यानंतर. टॅन यायच्या आधी नुकसान झालेलंच असतं, नुकसान झालं म्हणून तर टॅन आला. आणि ही छत्रीसुद्धा कामचलाऊ, एसपीएफच्या (सनस्क्रीन भाजण्यापासून किती वाचवतं तो आकडा) भाषेत 3-4 च्या आसपास.

त्यामुळं गोव्याला जाऊन मुद्दाम टॅन करणारी आपली पोरं बघितली की गंमत वाटते. "बीचवर पडून जरा टॅन करूलालोय," म्हणून फोटो टाकायचा, आणि रात्री चोर्ला घाटातून येताना सीटला पाठ टेकवत नाही. भाजणं उशिरा कळतं, उन्हातून आल्यावर तीन ते पाच तासांनी लाली-आग सुरू होते आणि 12 ते 24 तासांत कळस. आता पुरे असं वाटेपर्यंत वेळ गेलेली असते. पाण्यात उतरलं की वाचलो असंही नाही, अर्धा मीटर खोलीवर सुद्धा 40 टक्के युव्ही पोचतो आणि वाळूवरून परत फेकला जातो तो वेगळाच, म्हणून बीचवर छत्रीखाली बसून पण थोडं लागतंच. परदेशात टॅनिंगच्या मशिनी असतात, त्यांना तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2009 साली सरळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. कुणाला फक्त रंगच पाहिजे असेल तर बाटलीतला सेल्फ-टॅनर मिळतो, तो वरच्या मेलेल्या थराला रंगवतो, पण उन्हापासून काही वाचवत नाही.

उपाय म्हटलं की लोक आधी सनस्क्रीनचं नाव काढतात, मी आधी कापडाचं काढेन. येळ्ळूर, कंग्राळीकडं शेतात जाणाऱ्या बायका साडीवर घरधन्याचा जुना फुल शर्ट घालतात, डोक्यावर टॉवेल नाहीतर पदर, ह्याच्यापुढं दुकानातली भारी ट्यूब काही नाही. स्कूटरवरच्या मुलींच्या सनकोट-स्कार्फला हसणाऱ्यांनी आधी स्वतःची मान आरशात बघावी. कापड उजेडाकडं धरून बघायचं, आरपार दिसलं तर युव्ही पण आरपार. पातळ पांढरा सुती शर्ट कमी अडवतो आणि भिजला की अजून कमी, जीन्सचं जाड कापड जवळजवळ सगळं अडवतं. क्रिकेटच्या टोपीनं कान आणि मान उघडीच राहतात, व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर दिवसभर खेळणाऱ्या पोरांना गोल काठाची टोपी द्या. आणि गाडीची काच युव्हीबी अडवते पण बाजूच्या काचेतून युव्हीए बराचसा येतो, ड्रायव्हर लोकांना फुल बाह्या बऱ्या.

सनस्क्रीन लावायचं ते जिथं कापड पोचत नाही तिथं. एसपीएफ 30 नीट लावलं तर 97 टक्के युव्हीबी अडवतं, 50 असेल तर 98, त्यामुळं 50 साठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. युव्हीएसाठी पाकिटावर पीए आणि पुढं प्लसच्या खुणा असतात, जास्त प्लस तेवढं बरं. खरी गोची मापात आहे. लॅबमध्ये चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम लावून तो आकडा काढतात, म्हणजे तोंड आणि मानेला साधारण चहाचा एक चमचा. आपण लावतो वाटाण्याएवढं, मग 30 चं 30 राहत नाही. हाफ पॅंटवर बीचवर जाणाऱ्याला पूर्ण अंगाला एका वेळी 30 मिलिलिटर तरी लागतं, आणि आपल्या घरात 50 मिलिलिटरची एक ट्यूब चौघांत दोन उन्हाळे चालते! बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि घाम पुसला, पोहून आलात की परत. वांग असेल तर रंगवलेलं, आयर्न ऑक्साइडवालं घ्या, कारण वांग दिसणाऱ्या उजेडानं पण वाढतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र सनस्क्रीन नको, सावलीच.

व्हिटॅमिन डीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. ते युव्हीबीनंच बनतं, म्हणून सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात पाठ शेकली तर ऊब मिळते, डी फारसं नाही. चढत्या उन्हात हातपाय थोडा वेळ उघडे राहिले की काम होतं, त्यासाठी भाजून घ्यायला नको.

आणि लिंबू. टॅन घालवायला लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की त्यावर युव्हीए पडला की कातडी खरोखर भाजते, फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. खोबरेल तेल लावून सनस्क्रीनचं काम होत नाही. मेडिकलमधून स्वतःच आणलेली स्टिरॉइडची गोरं करणारी ट्यूब सगळ्यात वाईट, कातडी पातळ होते आणि मग जरा उन्हात गेलं की तोंड पेटतं.

भाजलंच तर सावलीत या, गार पाण्याचा कपडा ठेवा, बर्फ थेट नको, टूथपेस्ट नको. कोरफडीनं गार वाटतं, लावा, पण झालेलं नुकसान त्यानं भरून येत नाही. पाणी, ताक भरपूर. फोड फोडू नका. मोठ्या भागावर फोड आले, ताप, उलटी, गरगरणं असलं किंवा लहान मूल असलं तर घरगुती उपचार करत न बसता डॉक्टर गाठा, आणि सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते पण सांगा, कारण पिंपलसाठी किंवा तापात देतात ती डॉक्सीसायक्लिन सारखी गोळी चालू असताना थोड्या उन्हानं सुद्धा जास्त भाजतं.