लवणस्तंभांवरून पुराहवामानाचा अभ्यास

चुनखडीच्या गुहांत ठिबकणाऱ्या पाण्यातून साचलेल्या खनिज थरांवरून, म्हणजे त्यांच्या बनलेल्या लवणस्तंभांवरून, पूर्वीचा पाऊस व हवामान ताडण्याची पद्धत. या थरांचे वय फार काटेकोरपणे काढता येते, हे तिचे मोठे बळ. पावसाविषयीचे अनुमान मात्र अप्रत्यक्षच असते.

पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांनी व सूक्ष्मजीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवते. गुहेच्या हवेत हा वायू तुलनेने कमी असतो. त्यामुळे तो थेंबातून निसटतो आणि कॅल्साइटचा (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचा) पातळ थर मागे राहतो. अभ्यासासाठी बहुधा जमिनीवरून वर वाढणारा ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ निवडतात, कारण त्याचे थर क्रमाने एकावर एक चढतात. छताला लोंबणाऱ्या अधोमुखी स्तंभात मधल्या नळीमुळे हा क्रम गुंतागुंतीचा होतो. वाढ अनेकदा वर्षाला ०.०१ ते ०.१ मिमी इतकीच असते. ०.०५ मिमी वेगाने वाढलेल्या स्तंभातून अर्ध्या मिलिमीटरचा नमुना घेतला, तर हाती येते ती १० वर्षांची सरासरी. अशा नोंदीत एकेका वर्षाचा दुष्काळ शोधू नये.

गुहा निवडताना आतला भाग बंदिस्त, दमट आणि स्थिर तापमानाचा असावा लागतो. तोंडाजवळ वारा खेळत असेल, तर पाणी बाष्पीभवनाने आटते आणि समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण पावसाशी संबंध नसतानाही बदलते. म्हणून निदान वर्षभर थेंबांचा वेग, पाण्याचे रसायन आणि गुहेतील हवा मोजणे आवश्यक असते. गुहेची हानी टाळण्यासाठी शक्यतो आधीच मोडून पडलेले स्तंभ घ्यावेत. स्तंभ हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने उभा चिरतात, एक अर्धा भाग जतन करतात आणि दुसऱ्याला झिलई देऊन वाढीच्या अक्षावर बारीक गिरमिटाने भुकटी काढतात. ऑक्सिजन व कार्बनच्या समस्थानिकांसाठी सुमारे १०० मायक्रोग्रॅम भुकटी पुरते. वयासाठी सहसा काही दहा ते काहीशे मिलिग्रॅम लागते.

वयनिश्चिती युरेनियम-थोरियम पद्धतीने होते. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ नाही. म्हणून नव्या कॅल्साइटमध्ये युरेनियम असते, थोरियम-२३० नगण्य असते आणि ते पुढे किरणोत्सारी क्षयातून साठत जाते. या थोरियमचे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा काळ) सुमारे ७५,६०० वर्षे असल्याने पद्धत सुमारे ६ लाख वर्षांपर्यंत चालते. चिकणमाती मिसळली असेल, तर तिच्याबरोबर आलेल्या थोरियममुळे वय खऱ्यापेक्षा जास्त दिसते. थोरियम-२३२ मोजून ही चूक काही प्रमाणात दुरुस्त करतात. अ‍ॅरॅगोनाइटचे (कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या स्फटिकरूपाचे) कॅल्साइट होताना युरेनियम निसटले असेल, तरीही वय फुगते. वाढ मध्येच थांबून पुन्हा सुरू झालेली असू शकते. तो खंड ओळखला नाही, तर दोन तारखांमधली वर्षे चुकीच्या थरांना वाटली जातात.

पावसासाठी मुख्यतः ऑक्सिजन-१८ व ऑक्सिजन-१६ यांचे गुणोत्तर पाहतात. ढग पुढे सरकताना जड ऑक्सिजन-१८ आधी गळतो, त्यामुळे मान्सून जोरदार असलेल्या काळात अनेक ठिकाणी कॅल्साइटमध्ये ऑक्सिजन-१८ कमी आढळतो. पण बाष्प कुठून आले, पाऊस कोणत्या ऋतूत पडला, गुहेचे तापमान किती होते, यांचाही परिणाम त्यात मिसळलेला असतो. केवळ तापमान १ अंश सेल्सिअसने वाढल्यास कॅल्साइटमधील या गुणोत्तराचे मूल्य साधारण ०.२ प्रति सहस्राने घटते. म्हणून या आकड्याचे थेट मिलिमीटर पावसात रूपांतर करणे धोक्याचे आहे. मॅग्नेशियम आणि कार्बन-१३ यांची जोड हवीच: कोरड्या काळात पाणी छतातल्या भेगांतून जाताना वाटेतच काही कॅल्साइट सोडते आणि उरलेल्या पाण्यात कॅल्शियमच्या मानाने मॅग्नेशियम वाढते. सर्वांत भरवशाची पडताळणी म्हणजे त्याच गुहेतला, त्याच काळातला दुसरा स्तंभ. दोघांच्या आलेखांत एकच चढउतार दिसले, तर तो एका थेंबाच्या जागेचा योगायोग नव्हे, असे धरता येते.

चीनमधील हुलू गुहेच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीने हिमयुगातील मान्सूनचे चढउतार ग्रीनलंडच्या हिमगाभ्यांतील (बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या दंडगोलांतील) बदलांशी जुळतात, हे दाखवले. छत्तीसगडमधील दंडक गुहेतून इ.स. सुमारे ६०० ते १५०० या काळाची मान्सूनची नोंद मिळाली आहे. तिच्यात १४ व्या शतकात मान्सून दीर्घकाळ दुबळा दिसतो. मेघालयातील मॉम्लुह गुहेच्या एका स्तंभावरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू होणाऱ्या ‘मेघालयन’ या भूवैज्ञानिक कालखंडाची सीमा २०१८ साली अधिकृत ठरली. त्याच गुहेतील नंतर तपासलेल्या स्तंभांत मात्र हा बदल तितका एकाएकी झालेला दिसत नाही. तिथे दुबळ्या मान्सूनचे टप्पे अनेक दशकांवर पसरलेले आढळतात.