मुलांसाठी कृत्रिम हृदयपंप: पात्रता, कागदपत्रे आणि रेफरलची प्रक्रिया

कमकुवत हृदयाला रक्त पुढे ढकलायला मदत करणाऱ्या या पंपाच्या उपचारासाठी पालकांनी स्वतः भरायचा वेगळा अर्ज सहसा नसतो. बालहृदयरोगतज्ज्ञ पंप आणि हृदयप्रत्यारोपण या दोन्हींची सोय असलेल्या केंद्राकडे रेफरल पाठवतात. तिथे शल्यचिकित्सक, हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात.

रेफरल कधी? मिलरिनोनसारखे, हृदयाला आधार देणारे, शिरेतून चाललेले औषध कमी केले की मूल ढासळते, दूध पचत नाही, वजन घटते, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे सूचक) किंवा बिलिरुबिन (यकृताचे सूचक) चढू लागते, तेव्हा लगेच. एक्मो (हृदय-फुफ्फुसांचे काम तात्पुरते करणारे शरीराबाहेरचे यंत्र) लागेपर्यंत थांबू नये. एक्मोनंतर पंप बसवलेल्या मुलांत धोका जास्त असतो.

मेंदूला भरून न येणारी इजा, आटोक्यात नसलेला संसर्ग किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर बहुधा नकार मिळतो. वजन फार कमी असणे किंवा एकच कार्यक्षम जवनिका (हृदयाचा रक्त बाहेर ढकलणारा खालचा कप्पा) असणे एवढ्यावरून नकार गृहीत धरू नका. धोका वाढतो, पण विचार होतो.

काय पाठवायचे? इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) नुसता कागदी रिपोर्ट नको, चित्रफिती हव्यात. हृदयाच्या उजव्या बाजूलाही आधार लागेल का, हे त्यातूनच कळते. आधीच्या प्रत्येक शस्त्रक्रियेची मूळ टिपणे जोडा. सोबत कॅथेटरायझेशन (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी घालून केलेली तपासणी) झाले असल्यास त्याचा अहवाल, मेंदूचे स्कॅन, मूत्रपिंड, यकृत व रक्त गोठण्याच्या चाचण्या, जनुकीय तपासण्या, लसीकरणाची नोंद आणि रक्तगट द्या. रक्त चढवल्याच्या नोंदी हमखास राहून जातात. रक्त चढवल्याने प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि मग जुळणारे हृदय मिळणे अवघड होते.

वजन आणि उंची त्याच आठवड्यातली हवी. बर्लिन हार्ट एक्सकॉर या शरीराबाहेरच्या पंपाचे आकार 10 ते 60 मिलिलिटर असतात. मोठा पंप पूर्ण रिकामा होत नाही, रक्त साचते आणि गुठळी होते. हार्टमेट 3 हा दुसरा पंप छातीतच बसतो, म्हणून तो तुलनेने मोठ्या मुलांसाठी.

संमती. सही करण्याआधी पक्षाघाताच्या धोक्याबद्दल स्पष्ट विचारा. एक्सकॉरच्या 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 29 टक्के मुलांना मेंदूसंबंधी गुंतागुंत झाली होती. समजत्या वयाच्या मुलालाही सगळे सांगायला हवे.

प्रत्यारोपणाच्या यादीतली नोंदणी वेगळी असते. पंप बसला म्हणजे नाव आपोआप लागले असे नाही, तारीख लेखी मागून घ्या. हार्टमेटसह घरी जायचे असेल तर निदान दोन जणांना बॅटरी व कंट्रोलर बदलणे, वायर त्वचेतून बाहेर येते त्या जागेचे ड्रेसिंग आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनच्या आयएनआरची (रक्त गोठण्याच्या चाचणीची) नोंद शिकावी लागते. हे प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय डिस्चार्ज मिळत नाही.