ऑस्ट्रियाच्या गावनोटा महागाईच्या नव्हत्या

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातल्या छोट्या गावांनी काढलेल्या रंगीत नोटा दाखवून ‘पैसा कवडीमोल झाला तेव्हा गावोगावी छापलेल्या या नोटा’ असं सांगितलं जातं. यात दोन देशांची सरमिसळ झाली आहे. अब्जावधी मार्कांच्या नोटा जर्मनीतल्या, 1923 च्या.

ऑस्ट्रियातल्या गावनोटा बहुतेक 1920 च्या. त्यांवरचा आकडाच बघा ना: 10, 20, 50 हेलर. ऑस्ट्रियाचं तेव्हाचं चलन क्रोन, आणि शंभर हेलरची एक क्रोन, म्हणजे ही सगळी चिल्लर! भडकलेल्या महागाईत कोण पन्नास पैशांची नोट काढेल? अडचण सुट्या पैशांची होती. युद्धात निकेल-तांबं लष्कराकडे गेलं, नाणी लोखंडाची निघू लागली, आणि युद्धानंतर तीही पुरेनात. दुकानदार सुटे कुठून देणार? मग गावांनी स्वतःची कुपनं छापली. त्यांवर गावाचं नाव, चर्च किंवा डोंगराचं चित्र, आणि बारीक अक्षरात मुदत: अमुक तारखेपर्यंतच वटेल.

संग्राहकांची मागणी लक्षात आल्यावर कित्येक गावांनी खास त्यांच्यासाठीच जादा नोटा छापल्या. वापरात मळलेल्या नोटांपेक्षा आजही कोऱ्या करकरीत नोटा सहज मिळतात, त्या यामुळेच.

खरी महागाई 1921-22 मध्ये भडकली. तोवर हेलरला काही किंमतच उरली नव्हती. 1925 मध्ये क्रोनच्या जागी शिलिंग हे नवं चलन आलं, ते 10,000 क्रोनला एक या दराने. ऑस्ट्रियातल्याच व्योर्गल गावाचा स्वतःच्या नोटा काढण्याचा गाजलेला प्रयोग तर 1932 चा. तो मंदीवरचा उपाय होता, त्याचा या नोटांशी संबंध नाही.