एक प्रथिन, चार बारशी: रँक-एल शोधणाऱ्या रंगीत अँटिबॉडीची पार्श्वभूमी

रँक-एल हे प्रथिन शोधून त्याला चिकटणाऱ्या रंगीत अँटिबॉडीची फ्रिजमधली ही कुपी छोटीशी, आतला द्रव गुलाबीसर. उजेडाने रंग उतरतो म्हणून ती फॉइलमध्ये गुंडाळून ठेवतात आणि फ्रीझरमध्ये चुकूनही टाकत नाहीत. लेबलवर ‘सीडी२५४ (रँक-एल, ट्रान्स), पीई’ अशी अक्षरं असतात. त्यातली पहिली तिन्ही नावं एकाच प्रथिनाची, शेवटचं रंगाचं.

हाड खाणाऱ्या पेशींना, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना, कामाला लावणारा निरोप हाड बांधणाऱ्या पेशींकडूनच येत असावा, अशी कल्पना १९८१ साली मांडली गेली. निरोप्या, म्हणजे लेबलवरचं हे प्रथिन, सापडायला पुढची सोळा-सतरा वर्षं गेली आणि सापडला तो चार ठिकाणी. १९९७ च्या अखेरीस प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवर काम करणाऱ्यांनी त्याला ‘ट्रान्स’ म्हटलं. काही आठवड्यांतच डेंड्रायटिक पेशींकडून (याही प्रतिकारशक्तीच्याच) आलेल्या दुसऱ्या गटाने ‘रँक’ नावाचा ग्राहक (पेशीवर बसून निरोप घेणारं प्रथिन, रिसेप्टर) आणि त्याला चिकटणारा ‘रँक-एल’ जाहीर केला. १९९८ च्या वसंतात हाडवाल्यांची दोन नावं आली: ‘ओडीएफ’ (ऑस्टिओक्लास्ट घडवणारा घटक) आणि ‘ओपीजीएल’. यातलं पहिलं एका जपानी दुग्धउत्पादक कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलं, हे अनेकांना आजही खरं वाटत नाही.

नावांचा गुंता सोडवायला हाडांच्या अभ्यासकांच्या संघटनेने समिती नेमली. २००० साली तिने ग्राहकाला रँक, त्याला चिकटणाऱ्याला रँक-एल आणि त्याला मध्येच अडवणाऱ्या प्रथिनाला ऑस्टिओप्रोटेजेरिन म्हणावं, अशी शिफारस केली. गंमत बघा. समिती हाडवाल्यांची, पण प्रथिनासाठी निवडलेलं नाव प्रतिकारशक्तीवाल्यांकडचं. आणि त्या बाजूनेही जे आधी छापून आलं होतं, ते ‘ट्रान्स’ मागे पडलं. ओडीएफ हे नाव निदान काम तरी सांगत होतं. रँक-एल एवढंच सांगतं की हा रँकला चिकटतो. अमक्याची सून म्हणून ओळख करून द्यावी, तसं. तरी माझ्या मते निवड बरी होती, कारण कामावरून ठेवलेलं नाव दुसरं काम सापडताच अपुरं पडतं. आणि इथे दुसरं काम आधीच सापडलं होतं: १९९९ मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांची हाडं दगडासारखी घट्ट झाली, दात हिरडीबाहेर आले नाहीत, शिवाय प्रतिकारशक्तीचा भाग असलेल्या लसिका ग्रंथीच नव्हत्या. पण भांडण तिथे मिटलं नाही. जनुकांची नावं ठरवणाऱ्यांनी त्याला ‘टीएनएफएसएफ११’ म्हटलं, पेशींवरच्या खुणांची यादी ठेवणाऱ्यांनी ‘सीडी२५४’. म्हणून कॅटलॉगमध्ये शोधताना आजही सगळी नावं घालून बघावी लागतात.

अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडण्याची युक्ती १९४० च्या दशकातली. पीई म्हणजे फायकोएरिथ्रिन, तांबड्या शेवाळातलं रंगद्रव्य; ते १९८२ पासून या कामात आलं. ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरने ते उजळतं आणि ५७८ च्या आसपास नारिंगी प्रकाश देतं. इतका तेजस्वी रंग इथे लागतो, कारण टी-पेशींच्या पृष्ठभागावर रँक-एल मुळातच थोडं असतं आणि एन्झाइम ते कापून बाहेर सोडतात. एकेका पेशीची चमक लेझरने मोजणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे फ्लो सायटोमीटरच्या, आलेखावरचा डोंगर जेमतेम उजवीकडे सरकतो. शेजारी आयसोटाइप कंट्रोल (त्याच जातीची, त्याच रंगाची, पण रँक-एलला न चिकटणारी अँटिबॉडी) नसेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

उंदरासाठी ‘आयके२२/५’ हा क्लोन (एकाच पेशीच्या वंशातून मिळणारी ठरावीक अँटिबॉडी) सर्रास वापरतात. तोच क्लोन, रंग न लावता, रँक-एलचं काम अडवण्यासाठीही वापरात आहे. माणसात अडवण्याचं काम डेनोसुमॅब करतं. २०१० साली मंजूर झालेलं हे इंजेक्शन हाडांच्या ठिसूळपणावर ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी देतात. उंदराच्या रँक-एलला मात्र ते चिकटत नाही. त्यामुळे या औषधाच्या चाचण्यांसाठी मानवी रँक-एल असलेले उंदीर घडवावे लागले.

पुढे प्रश्न आला की हाडाचं काम कोण चालवतं: पेशीवर बसलेलं रँक-एल, की कापून रक्तात सुटलेलं? रँक-एल कापलंच जाणार नाही असे उंदीर २०१८ च्या सुमारास तपासले गेले, तेव्हा वाढीच्या वयात त्यांची हाडं जवळपास नेहमीसारखीच निघाली. रक्तातला आकडा एलायझा ही चाचणी देते. पेशीवर काय बसलंय, ते बघायला ही गुलाबी कुपीच उघडावी लागते.