ॲसिडिटीच्या सुईवर कोणी संशयच घेत नाही

आपल्या इकडं यवतमाळ-वाशीमच्या खेड्यात दवाखान्यात गेलं की सुई पाहिजेच, आणि सुई एक नसते. तापाची, अंगदुखीची, अँटिबायोटिकची, आणि त्यासोबत न विचारता पोटाची, म्हणजे रॅनिटिडीन, आता पॅन्टोप्राझोल. मळमळ म्हटलं की ऑन्डानसेट्रॉन. ही पोटाची अन् उलटीची औषधं आपण औषधात मोजतच नाही. रिॲक्शन आली की बोट अँटिबायोटिककडं जातं, नाहीतर डायक्लोकडं, म्हणजे अंगदुखीच्या सुईकडं.

माझ्या मोठ्याईचं असंच झालं. कापूस वेचणीचे दिवस, उपाशीपोटी चहा घेऊन वावरात जायचं, त्यामुळं छातीत जळजळ, पाठ दुखणं. गावच्या दवाखान्यात तीन सुया दिल्या. पाच मिनिटात तळहात खाजायला लागले, ती म्हणे, "मले कसंतरीच होऊन राह्यलं, घसा आवळून राह्यला." मग उलटी झाली. उलटी झाली म्हणून उलटीची सुई दिली. तेवढ्यात अंगावर लाल चकंदळं उठली, बीपी पडला, तालुक्याला नेलं, तिथं मांडीत ॲड्रेनॅलिन दिलं तेव्हा वाचली. घरात सगळ्यांनी पाठ केलं की मोठ्याईला अँटिबायोटिक चालत नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी फक्त ॲसिडिटीची सुई दिली आणि तेच सगळं परत, यावेळी जास्त जोरात. तेव्हा कळलं की दोष ॲसिडिटीच्या सुईचा, रॅनिटिडीनचा होता. ही चूक कुठून येते ते समजायचं तर जरा मागं जावं लागते.

1901 मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच संशोधक मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर समुद्री जीवांचं विष अभ्यासायला गेले होते. पुढं पॅरिसला येऊन त्यांनी कुत्र्यांना तसल्याच विषाचे बारीक डोस दिले, विचार असा की लशीसारखी सवय होईल. नेपच्यून नावाच्या कुत्र्याला पहिल्या डोसानं काही विशेष झालं नाही. साधारण तीन आठवड्यांनी तेवढाच डोस परत दिला तर तो अर्ध्या तासाच्या आत मेला. संरक्षण व्हायच्या ऐवजी उलटंच झालं, म्हणून 1902 मध्ये त्यांनी त्याला ॲनाफायलॅक्सिस म्हटलं, म्हणजे आज आपण जिला जीवघेणी ॲलर्जीची रिॲक्शन म्हणतो ती, आणि 1913 मध्ये रिशेला नोबेल मिळालं. म्हणजे "हे औषध मागं घेतलं होतं, तेव्हा तर काही झालं नव्हतं" हे जे आपण डॉक्टरला छातीठोक सांगतो ना, त्याला तेव्हापासूनच अर्थ राहिलेला नाही. उलट शरीर आधीच्या वेळीच तयार होऊन बसलेलं असू शकते. आणि त्याच 1901 च्या सुमारास जोकिची ताकामिने ह्या जपानी माणसानं ॲड्रेनॅलिन शुद्ध रूपात वेगळं काढलं, जे आजही ह्या रिॲक्शनवरचं पहिलं औषध आहे.

शरीर नेमकं कसं तयार होते हे कळायला मात्र 1960 चं दशक उजाडलं, तेव्हा आयजीई नावाची अँटिबॉडी सापडली. ती मास्ट पेशींवर, म्हणजे ॲलर्जीची रसायनं साठवून ठेवणाऱ्या पेशींवर चिकटून बसते, औषध परत आलं की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन आणि बाकी रसायनं ओततात.

आता पोटाच्या औषधांकडं या. हेच हिस्टामिन जठरात ॲसिड तयार करायलाही सांगते. जेम्स ब्लॅक नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञानं हिस्टामिन जठरात जिथं चिकटते तो रिसेप्टर, म्हणजे एच-टू, ओळखून त्याला अडवणारं औषध शोधलं, सिमेटिडीन, 1976 मध्ये बाजारात आलं. त्याआधी अल्सरला ऑपरेशन करावं लागायचं, पोट कापायचं, नस कापायची, आणि ह्या गोळीनं ते बरंचसं थांबलं, ब्लॅकला 1988 मध्ये नोबेल मिळालं. मग 1981 मध्ये रॅनिटिडीन आलं आणि काही वर्षांत जगात सगळ्यात जास्त विकलं जाणारं औषध झालं. त्याच्या पाठोपाठ 1980 च्या दशकाच्या शेवटी ओमेप्राझोल, मग पॅन्टोप्राझोल. ऑन्डानसेट्रॉन तर कॅन्सरच्या केमोथेरपीत होणाऱ्या उलट्यांसाठी 1990 च्या आसपास आलं, आता लेकराच्या साध्या हगवणीतही असते.

खरंच चांगली औषधं आहेत ही, कोट्यवधी लोकांना काहीच झालं नाही, आणि म्हणूनच निर्धास्तपणा आला. त्यात "हिस्टामिन अडवणारं औषध ॲलर्जी कसं करेल" असंही वाटते. पण रॅनिटिडीन फक्त एच-टू अडवते, घसा सुजणं, चकंदळं येणं ह्यात मुख्यतः एच-वन हा हिस्टामिनचाच दुसरा रिसेप्टर आणि बाकीची रसायनं असतात, आणि आयजीईला रॅनिटिडीनचा रेणूच परका वाटला तर ते काय करायला बनवलं ह्याच्याशी तिला देणंघेणं नसते. रॅनिटिडीन, पॅन्टोप्राझोल, ऑन्डानसेट्रॉन, तिघांच्याही जीवघेण्या रिॲक्शनच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. क्वचित होते, पण होते. ओमेप्राझोलची ॲलर्जी असलेल्याला पॅन्टोप्राझोलही नडू शकते, नुसतं नाव बदलून भागत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की उलटी, पोटात मुरडा ही ॲनाफायलॅक्सिसचीच लक्षणं असू शकतात. म्हणजे रिॲक्शन सुरू झाली, उलटी झाली, आणि आपण समजतो पोटच बिघडलं, आणखी एक सुई. मोठ्याईचं हेच झालं होतं. सुईनंतर काही मिनिटांत खाज, चकंदळं, आवाज घोगरा, दम, चक्कर ह्यातलं काहीही उलटीसोबत आलं तर आधी ॲड्रेनॅलिन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि 108 ला फोन. एव्हिल-डेक्साची, म्हणजे ॲलर्जीच्या औषधाची अन् स्टेरॉइडची सुई ॲड्रेनॅलिनची जागा घेत नाही, हे मला फार कळकळीनं सांगायचं आहे, कारण गावात अजूनही तेवढंच देऊन वाट पाहतात.

एक वेगळं प्रकरण मेटोक्लोप्रामाईडचं. 1960 च्या दशकातलं उलटीचं जुनं औषध, त्यानं कधीकधी पोरांची मान एका बाजूला वळते, डोळे वर जातात, जीभ बाहेर येते. गावात म्हणतात बाहेरचं लागलं, आणि मांत्रिकाकडं नेतात. ती ॲलर्जी नाही, मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाशी संबंध आहे, वेगळ्या इंजेक्शननं उतरते, पण औषधाचं नाव तिथंही लिहून ठेवायलाच पाहिजे.

रॅनिटिडीन पुढं बदनाम झालं ते ॲलर्जीमुळं नाही. 2019 मध्ये त्यात एनडीएमए नावाची कॅन्सरचा संशय असलेली अशुद्धी सापडली, 2020 मध्ये अमेरिकेनं बाजारातून काढलं, आपल्याकडं 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून गेलं. दुकानात मात्र मिळतच राहिलं.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला, गाझियाबादहून चालतो, आणि 1800-180-3024 ह्या फुकट नंबरवर पेशंटचा नातेवाईकही कळवू शकतो. आम्ही दोन्ही वेळा कळवलं नाही, नंबरच माहीत नव्हता. आता मोठ्याईच्या आधार कार्डच्या कव्हरात एक कागद असतो, त्यावर माझ्या अक्षरात रॅनिटिडीन लिहिलं आहे. तिला वाचता येत नाही, पण नाव तोंडपाठ आहे, सुई पाहिली की आधी कागद काढते अन् विचारते, "ह्याच्यात हे तं नाही ना?"